भागूबाई आणि धुतलेले कपडे

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि आत मी एकटीच. वीस मिनिटांनी दार फटीएवढं उघडलं. फटीतून आधी टॉर्च दिसला, मग दोन डोळे… आणि त्यांच्या खाली आणखी दोन, हिरवे.

"घाबरू नका," तो म्हणाला. "ही तुमच्याहून जास्त घाबरलीये."

लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या त्या मुलाच्या खिशात मांजराचं मूठभर पिल्लू होतं. लिफ्टखालच्या खड्ड्यात सापडलं म्हणे. त्याचा घरमालक प्राणी ठेवू देत नव्हता. कसं कोण जाणे, मी म्हणून गेले, "मी नेते."

घरी आल्या आल्या ते कपाटाखाली शिरलं. इतकं भित्रं, की आईने नाव ठेवलं भागूबाई. बाबा मात्र गंभीर झाले. "रविवारपर्यंत बघू. तोवर रुळली नाही तर दुसरं घर शोधायचं. जन्मभर घाबरवत ठेवणं म्हणजे पाळणं नव्हे." त्यांचं खरंच होतं, म्हणून मला जास्त धडकी भरली.

सोमवारी संध्याकाळी तो लिफ्टवाला मुलगा चौकशीला आला. त्याच्या मावशीकडे सात मांजरं होती. "प्रत्येकाने अंगावरचा एकेक कपडा तिच्याजवळ ठेवायचा," तो म्हणाला. "वास ओळखीचा झाला की माणूस ओळखीचा होतो." मग स्वतःचं जॅकेट तिथे ठेवून कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसला. मीही बसले, हातभर अंतर ठेवून.

मंगळवारी तो आला. बुधवारीही. भागूबाई फक्त त्याच्या जॅकेटवर येऊन बसायची. आमची नुसती चाहूल लागली की गुडुप.

"म्हणजे उद्याही यावं लागणार," तो म्हणायचा.

"एवढं जड जात असेल तर राहू दे…"

"जड कोण म्हणालं?" असं म्हणून तो माझ्याकडे नाही, कपाटाकडे बघायचा.

ती बाहेर आली नाही तर ती जाणार, आणि आली तर हा कशाला येईल? इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी तो शेजारी बसलेला असताना मी हताश होऊन कपाटापाशी ठेवलेला बाबांचा सदरा उचलला, तर साबणाचा घमघमाट.

"आई, हे कपडे धुतलेस तू?"

"मग? पाहुणीला काय घामट कपडे द्यायचे? आपल्या तिघांचे रोज धुऊन, इस्त्री करून ठेवते."

मला हसू फुटलं. तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला… माहीत होतं?"

"बुधवारपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर ती दोन दिवसांत रुळली असती. मग मी काय म्हणून आलो असतो?"

हेच ऐकायला आठवडाभर कान टवकारले होते, आणि आता ऐकून मला रागच आला. "तुम्हाला यायला मिळावं म्हणून तो एवढासा जीव तीन दिवस थरथरत बसला?"

"चुकलं माझं," तो म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी उचलून गेला. जॅकेटही घेऊन गेला.

बाबांनी तिथल्या तिथे अंगातला सदरा काढून कपाटापाशी ठेवला. आईने ओट्यावरचा हात पुसायचा रुमाल ठेवला, नाक मुरडत. मी माझी ओढणी ठेवली.

रविवारी दुपार टळली तेव्हा भागूबाई बाहेर आली. बाबांचा अंगठा हुंगला. आईने हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवलं. मग भागूबाई माझ्या मांडीवर चढली आणि घुरघुरत झोपली. बाबा हळूच म्हणाले, "राहील ही." मला रडूच आलं.

"त्याला कळव," आई म्हणाली. "चुकला तो, पण जीव लावूनच येत होता ना?"

मी फोन लावला.

"भागूबाई बाहेर आली," मी कुजबुजले.

"बरं झालं." तोही कुजबुजत होता. "आता माझं काम संपलं…"

"काम नसताना या. मला चालेल." मग मी स्वतःलाच दुरुस्त केलं. "चालेल काय… मला हवंय."



"दाराबाहेरच उभा आहे," तो म्हणाला. "अर्धा तास झाला. बेल वाजवली तर ती दचकेल ना…"

मी भागूबाईला अलगद बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि पावलं न वाजवता दार उघडायला गेले.