फकिराची वाट

कुणाला थाप वाटेल, वाटू द्या. हे घडलंय. साल एकसष्ट, लासूर स्टेशनजवळची एक वस्ती, पौष अमावस्येची संध्याकाळ.

बन्सीच्या शेतामागं फकिराचं शेत. चहूकडून दुसऱ्यांच्या जमिनी. बाहेर पडायला एकच वाट, बन्सीच्या बांधावरून. निजामाच्या राज्यापासून फकिराच्या घरची गाडी तिथूनच जायची. भांडण झालं आणि बन्सीनं बोरीच्या काट्या लावून वाट अडवली. फकिरानं तहसिलीत अर्ज दिला.

भाद्रपदात फकिराला शेतातच साप डसला. बायकोनं, सरूबाईनं, त्याला गाडीत घातलं. काट्या उपसता उपसता तिचे हात फाटले.

वाट मोकळी झाली, तोवर फकिरा गेला होता.

तेराव्याच्या आत बन्सीनं काट्या पुन्हा लावल्या. पुढं हुकूम आला, वहिवाटीची वाट मोकळी करा. त्यानं वर अपील केलं.

त्या संध्याकाळी शाळूला पाणी देऊन तो घरी निघाला.

मागं घुंगरमाळा वाजल्या...

वळून पाहिलं. कुणीच नाही.

"बन्सीभाऊ, वाट द्या."

आवाज फकिराचा. हळू, अजिजीचा.

बन्सी पळाला. समोर काट्या... उजवीकडं वळला. काट्या... जिथं त्यानं कधी एक फांदी रोवली नव्हती, तिथंही.

बायको चतुराबाई हाका मारत होती. तो जीव तोडून ओ देत होता. ती कंदील घेऊन दोनदा बांधावर आली, अगदी जवळून गेली.

तिला तो दिसलाच नाही.

घुंगरं पाठीशी येऊन थांबली. मानेवर बैलाचा ऊन श्वास...

"दिली वाट," बन्सी म्हणाला. "जा."

काहीच हललं नाही.

उजाडताना सरूबाई शेताकडं आली. बन्सी मोकळ्या रानात, हातभर जागेत गोल गोल फिरत होता. पाय रक्तानं भरलेले.

"वहिनी, मला बाहेर काढा."



"त्यांनी बी असंच म्हणलं व्हतं," ती म्हणाली. मग हात धरून त्याला घरापर्यंत नेलं.

बन्सीनं अपील मागं घेतलं, काट्या जाळल्या. पुढं एकवीस वर्षं जगला. पण घराबाहेर पडताना रोज उंबऱ्यावर थांबायचा. हात पुढं करून हवेत चाचपायचा... मगच पाऊल टाकायचा.

कधी कधी एकदम हात मागं घ्यायचा.

बोटातून रक्त येत असायचं.