उलटा हात

नको, ती रक्ताची सॉसेजं माझ्या ताटात वाढू नका. म्हातारा नखरे करतो म्हणा हवं तर... पण ऐकलंत की तुम्हीही ताट सारून ठेवाल. माझा मेहुणा फिर्मां, डुकरं मारतो ना, त्याच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे हे. आणि रचून सांगण्याइतकी अक्कल त्याला देवानं दिलेली नाही.

सिल्वेर पुएश आपल्याच गावचा. भयपटांचा दिग्दर्शक, गोष्टीही स्वतःच लिहायचा. आईबाप नव्हते, फिलोमेन आजीनं वाढवलं. पहिला सिनेमा त्यानं इथंच, मेंढ्यांची आतडी वापरून काढला आणि पॅरिसवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग काय, दर सिनेमात आणखी घाण. सोललेली माणसं, उकळलेली माणसं... शी! एक बघायला गेलो होतो मी, अर्ध्यातून उठलो. भीतीनं नव्हे रे, मळमळायला लागलं म्हणून. पुढं लोकांनाही वीट आला. ओळीनं दोन सिनेमे आपटले. निर्मात्यांनी बजावलं की हा शेवटचा, हाही पडला तर पुन्हा कॅमेऱ्यामागे उभं राहायचं नाव काढू नकोस.

तर या दिवट्यानं काय लिहावं? स्वतःच्या आजीला रक्त पिणारी हडळ केलं! ती बिचारी आदल्याच ऑक्टोबरात गेली, हा पॅरिस सोडून मातीलाही आला नाही. आणि जानेवारीत तिच्याच घरात कॅमेरे घेऊन हजर.

तुम्ही पोरं शहरातली, तुम्हाला आजी कुठली आठवणार? गावात डुक्कर मारलं की रक्त ढवळायला तिलाच बोलवायचे. बाही वर सारून बादलीत कोपरापर्यंत हात घालायची. बोटांना गोठत्या रक्ताचे चिकट दोरे लागायचे, ते झटकायची आणि पुन्हा हात आत. थांबलं की रक्त गोठतं, मग सॉसेज कसलं? बाकीच्या बायका घड्याळाच्या काट्यांसारखा हात फिरवायच्या. ही डावखुरी, हिचा हात उलटा. म्हणायची, "हात थांबला की रक्त मेलं. खायचं रक्त वाया घालवू नये."

२०१९ साल. १७ जानेवारी, गुरुवार, संत आंतुआनचा दिवस. पाणी गोठवणारी थंडी. सिल्वेरनं फिर्मांला आजीच्या अंगणात डुक्कर मारायला बोलावलं होतं.

"ढवळायचं नाही हां," सिल्वेर म्हणाला. "रक्त पातळ ठेवणारं व्हिनेगरही घालायचं नाही. मला गुठळ्या हव्यात. जिन्यावरून घरंगळायला."

"अरे, खायची वस्तू ती. तुझी आजी असती तर झाडूनं सोलला असता तुला."

"आजी आता माझ्याकडे कामाला आहे, फिर्मांकाका. तेही फुकट!" आणि खिदळला मेला.

तिन्हीसांजेला डुक्कर पडलं. भरलेली बादली फिर्मांनं स्वयंपाकघरात ठेवली. सिल्वेरनं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग त्याची सिनेमावाली माणसं अंगणात, त्या रक्तामांसाच्या चिखलात उभी राहून सूप ओरपत बसली. काय ती माणसं!

अकराच्या सुमाराला कुलूप काढलं.

फरशीवर सांडलेले थेंब गोठून काळे झाले होते. बादलीतलं रक्त मात्र पातळ होतं. वाफ येत होती त्याला. आणि ते फिरत होतं... हळूहळू. काट्यांच्या उलट.

"व्हिनेगर घातलंस तू!" सिल्वेर ओरडला. "वाट लावायची आहे तुला माझी?"

फिर्मांनं नाही म्हणून मान हलवली.

"ठीक आहे. मीच बसतो. गोठेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही. बघू कोण खोड्या करतं ते."

दार लागलं. फिर्मां बाहेर उभा.

बराच वेळ काही नाही. मग... चुळुक. चुळुक. ओल्या हाताचा आवाज. दाराखालून वास आला. ताज्या, गरम रक्ताचा. इतक्या तासांनी!

"सिल्वेर?" फिर्मांनं हाक मारली.

"सिल्वेर, बाळा?" त्यानं दारावर थाप मारली.

आतून आवाज आला. लहान पोराचा. खाली मान घालून बोलल्यासारखा.

"हो, आजी."

फिर्मांनं खांद्यानं दार फोडलं. सिल्वेर गुडघ्यावर. बाही वर सारलेली. उजवा हात कोपरापर्यंत बादलीत, काट्यांसारखा सुलट फिरतोय. बोटांवर ते दोरे. डोळे मिटलेले नाहीत... पण बघत नव्हते.

"थांबव रे!"

"हात थांबला की रक्त मेलं," तो म्हणाला.

चौघांनी ओढून काढला त्याला. सिनेमा तिथंच बंद पडला. सिल्वेरला रोदेझच्या इस्पितळात ठेवलं. मी भेटायला जायचो. पुढ्यात सूप ठेवलं की चमचा बाजूला सारून हात घालायचा. सगळ्यांसमोर. आणि ढवळत राहायचा. मला किळस यायची. आणि दयाही यायची, खोटं कशाला बोलू? पोर आमच्याच अंगणात वाढलेलं.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. आजीशेजारीच पुरला त्याला. घर त्या रात्रीपासून बंद होतं, बादलीला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. मातीहून परत येताना फिर्मां म्हणाला, चल, आज ती घाण टाकून देऊ.

घराचं दार उघडून स्वयंपाकघरात गेलो. वाटलं होतं, तळाशी वाळकी खपली असेल.

काठोकाठ होती. वाफ येत होती.

फिरत होतं... पण उलटं नाही. काट्यांसारखं. सुलट.