दुपारी तीनचा आकडा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी, तीन वाजता.

दाजी नदीकाठच्या चौकीवर कामाला आहेत. वर धरण, खाली फरशीचा पूल आणि मधे यांची चौकी. दर तासाला बेचाळीस पायऱ्या उतरायच्या, पाण्यातल्या पट्टीवरची पातळी बघायची, वर येऊन वहीत लिहायची आणि धरणाच्या कंट्रोल रूमला फोनवर कळवायची. त्यावरून तिथले लोक दरवाजे किती उघडायचे ते ठरवतात.

कामचुकारपणात दाजींचा हात धरणारा कोणी नाही. "धरणातून पाणी रोज तेवढंच सोडतात, मग पातळी बदलणार कुठून?" असं म्हणत ते तीन-तीन तासांचे आकडे एकदमच लिहून टाकायचे. धरणाखाली एक ओढा नदीला मिळतो, हे सोयीस्कर विसरायचे.

त्यांच्या जोडीला होते मास्तर. शाळेत कधी शिकवलं नाही, पण दुसऱ्याच्या चुका काढायची भारी हौस, म्हणून मास्तर.

एका दुपारी पाळी दाजींची होती. पण मोबाईलवर मॅच रंगात आली होती.

"मास्तर, तेवढा आकडा बघून येता का?"

मास्तर डबा अर्धवट टाकून उठले.

परत आलेच नाहीत...

शेवाळलेल्या पायरीवरून घसरून पाण्यात गेले. संध्याकाळी फरशीच्या पुलाशी सापडले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पाळी कोणाची होती?"

"त्यांचीच," दाजी म्हणाले.

कागदावर शेरा पडला, मयताचा निष्काळजीपणा. ज्या माणसाने आयुष्यात एक आकडा चुकवला नाही, त्याच्या नावापुढे!

तीन महिने गेले. आता चौकीवर दाजी एकटेच. त्या दिवशी दोन वाजता त्यांनी दोनचा, तीनचा, चारचा असे तिन्ही आकडे लिहिले, दोनचा फोन केला आणि कुलूप लावून केस कापायला गेले.

चारला परतले. कुलूप जसंच्या तसं.

आत फोन वाजत होता...

"वाचवलंत हो!" कंट्रोल रूममधली बाई म्हणाली. "डोंगरात पाऊस झालाय, ओढ्याला लोंढा आलाय, आणि आम्हाला पत्ताच नाही! आम्ही दरवाजे उघडायच्या बेतात होतो. तीनला तुम्ही पातळी कळवली म्हणून थांबलो. फरशीच्या पुलावर शाळेची गाडी होती त्या वेळी. पोरांनी भरलेली!"

"मी... कळवली?"

"मग कोणी? चौकीच्याच फोनवरून. आवाज बसला होता तुमचा. धापही लागली होती."

दाजींनी वही उघडली.

तीनच्या आकड्यावर एक सरळ रेघ... आणि वर बारीक अक्षरात दुसरा आकडा.

अक्षर मास्तरांचं होतं.

पान ओलं होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर आवाज आला... ओल्या चपलांचा. फटक... फटक... वर येत गेला आणि दाराशी थांबला.

दारात कोणीच नव्हतं.

पुढे ऑफिसात दाजींचा सत्कार झाला. टाळ्या झाल्या. प्रशस्तिपत्र त्यांच्या हातात दिलं मास्तरांच्या बायकोने. नवऱ्याच्या जागेवर ती तिथे लागली आहे. चौक्यांवरून येणाऱ्या वह्या तपासायचं काम तिच्याकडे.

"आमच्या ह्यांनी तुमच्यासारखी काळजी घ्यायला हवी होती, भाऊजी," ती हळूच म्हणाली.

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी प्रशस्तिपत्र घेतलं. वर फोटोलाही उभे राहिले! हे ऐकताना मला लाज वाटली, आणि मी तर नुसता मेहुणा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी पेन उचललं. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. 'मास्तर गेले त्या दिवशी पाळी माझी होती. मीच त्यांना खाली पाठवलं. ते पडले तेव्हा मी झोपलो होतो.'

खाली सही केली. मन जरा हलकं झालं. मग सहाचा आकडा बघायला ते पायऱ्या उतरले.

वर येऊन बघतात तर...

'झोपलो होतो' या शब्दांवर एक सरळ रेघ.

वर बारीक अक्षरात, 'जागा होतो. दोन हाका ऐकल्या.'

हे सांगताना दाजी माझ्यासमोर ढसाढसा रडले.

"दोनच होत्या रे," म्हणाले. "ओव्हर संपली की उठतो, म्हटलं."

ताईला यातलं काही माहीत नाही. पान फाडायची सोय नाही, प्रत्येक पानावर छापील नंबर आहे. काय करू, असं दाजींनी मला दोनतीनदा विचारलं.

उद्या महिनाअखेर आहे. वही तपासायला जाईल.