डाव्या कानात सांगितलेलं

टॅकेटांच्या घरापुढे डेलिया प्रूटने गाडी थांबवली, काचेवरचं पाणी पुसलं आणि बाहेर पाहिलं. दारापुढे त्याच तीन पायऱ्या — ओल्या, वाकड्या. व्हीलचेअर चढेल असा लाकडी उतार एव्हाना तयार असायला हवा होता. त्याचा पत्ताच नव्हता, आणि पायऱ्यांपाशी एक उंच माणूस झिमझिम पावसात खिशात हात घालून निवांत उभा होता. कमरेला सुताराचा पट्टा, टोपीवर आरमाराचा नांगर.

डेलिया तरातरा गेली आणि सुरूच झाली. ओरेन टॅकेट एक पाय गमावून शुक्रवारी इस्पितळातून सुटणार. उतार नसेल तर त्यांना घरी सोडणार नाहीत, डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात धाडतील. मग इथे त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव मिस व्हर्ना म्हणतं, त्या एकट्या; समोरची कपबशीही त्यांना धड दिसत नाही. व्हिएतनामहून माणूस जिवंत परत आला आणि आता म्हातारपणी चार फळ्यांपायी नवराबायकोची ताटातूट व्हायची? ती तावातावाने बोलत राहिली आणि तो आपला दारातल्या अंजिराकडे बघत गोड हसत राहिला.

मग त्याची मान वळली आणि तो दचकलाच.

"अहो, तुम्ही कधी आलात? काही म्हणालात का? या बाजूला या. डावा कान मी जहाजाच्या इंजिनखोलीत सोडून आलोय."

आता एवढा राग दुसऱ्यांदा आणायचा कुठून? डेलियाला हसूच फुटलं. उजव्या बाजूला जाऊन तिने सगळं पुन्हा सांगितलं, पण या खेपेला तिखट जरा कमी पडलं.

त्याचं नाव कॉर्विन मेबरी, माजी सैनिकांच्या सुतार मंडळातला. आणि डेलिया 'एक दार' नावाच्या कचेरीतली. सैनिकाने तिथे एकदाच फोन करायचा. पुढे दवाखाना, घरदुरुस्ती, जेवणाचे डबे, ने-आण करणारी गाडी, या सगळ्यांना हाक मारून एका दोरीत बांधायचं काम तिचं. तिथला नियम एकच, पण कडक. ज्याच्यासाठी मदत निघाली त्याने स्वतःच्या तोंडाने 'पोचलं' म्हटल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही.

"उतार बांधायचं आम्ही कबूल केलं होतं," कॉर्विन ओशाळून म्हणाला. "पण चर्चच्या लोकांनीही कबूल केलंय असं कळलं. म्हटलं, त्यांच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं? आज नुसतं बघायला आलो, सांधे कसे बसवलेत ते..."

डेलियाने तिथूनच चर्चला फोन लावला. पलीकडूनही तेच, शब्दाला शब्द. सुतार मंडळ करतंय म्हणून ते अदबीने मागे सरले होते. टेनेसीच्या या डोंगरातली माणसं अशीच. दाराशी दोघे एकदम आले तर 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत दोघेही बाहेरच उभे राहतील.

"मग आता?" तो म्हणाला.

"आता दोघांनीही करायचं. आणि उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. अंजीर तोडायचं नाही असं मिस व्हर्नांनी दारातच बजावलं, कारण ते ओरेननी लावलेलं. मग उतार झाडाला वळसा घालून न्यावा लागला. एक इंच चढायला एक फूट लांबी, त्यात तडजोड नाही. चर्चची मंडळी खांब रोवत होती, सुतार मंडळ फळ्या कापत होतं, मिस व्हर्ना चाचपडत सगळ्यांना मक्याचा पाव आणि घेवडा वाढत होत्या. डेलिया एका हाताने फोन सांभाळी, दुसऱ्या हाताने कॉर्विनला खिळे देई. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून.

आणि तिथे तिला एक खोडी सुचली.

"हसलास ना, की एकाच गालाला खळी पडते तुझ्या," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" तो वळला.

"खिळे संपले म्हटलं."

दिवसभर हेच. 'तुझे हात किती छान आहेत' — काय? — खिळे संपले. 'उद्या येशील ना... नक्की?' — काय? — खिळे संपले. बिचारा खिळ्यांचे डबे आणून आणून थकला. डेलियाला मात्र कळून चुकलं होतं की ही आता नुसती खोडी राहिलेली नाही.

दुपारी तिने त्याच्या उजव्या बाजूला बसून विचारलं, की कानाचं काय करणार आहेस? ऐकायचं यंत्र कधीचं तयार आहे, ओरेन आहेत त्याच इस्पितळात पडून आहे, आणायला गेलो नाही, तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा जास्त गरज असलेले पुष्कळ आहेत, डेलिया."

"ओरेनही हेच म्हणायचे," ती हळूच म्हणाली. "पायाची जखम चिघळेपर्यंत."

बराच वेळ कॉर्विन एकाच फळीवर रंधा मारत राहिला.

शुक्रवारी सकाळी इस्पितळाची बाई आली, उतार मोजला, कठडा हलवून पाहिला आणि मान डोलावली. ओरेनना आणायला गाडी निघाली, तेव्हा सोबतीला मी जातो म्हणून कॉर्विन आपणहून चढून बसला. दुपारी गाडी परतली. ओरेन कोणाला खुर्ची ढकलू देईनात. दात-ओठ खात, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत ते अंजिराच्या वळणावर आले, एक पान खुडलं आणि वर दारात उभ्या मिस व्हर्नांच्या हातात नेऊन ठेवलं. त्यांनी ते हुंगलं आणि नवऱ्याचं डोकं पोटाशी धरलं.

डेलियाने नियमाप्रमाणे विचारलं. "मिस्टर टॅकेट... पोचलं सगळं?"

"पोचलं, पोरी. मी पण पोचलो."

अंगणात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सुतार आणि चर्चवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. जिंकले होते सगळे! डेलियाचे डोळे वाहत होते. शेजारी कॉर्विन, टोपी खाली ओढलेली, आणि ती नेहमीसारखीच त्याच्या डाव्या बाजूला. आज नाही तर कधीच नाही...

"मला तू फार आवडतोस, कॉर्विन," ती अगदी हळू म्हणाली. "तू गेलास तर करमणार नाही मला."

तो वळला नाही. समोर बघत म्हणाला, "आणि खिळे? ते नाही संपले आज?"

त्याने टोपी काढली. डाव्या कानामागे इवलंसं यंत्र बसलं होतं.

"इतके दिवस या कानाला काय काय सांगितलंस, ते पहिल्यापासून सांग. शिव्यांसकट," तो म्हणाला, आणि गालाला तीच खळी पडली. "मलाही नाही करमणार. पहिल्या दिवशी मान वळवली आणि तू भांडताना दिसलीस, तेव्हापासूनच."

ती लाजेने लाल झाली, तरी नियम विसरली नाही.

"म्हणजे... पोचलं?"

कॉर्विनने तिचा हात हातात घेतला.

"पोचलं."