रिकाम्या सीटचा पट्टा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं काहीच बनवलेलं नाही. ज्यांच्याबाबतीत हे घडलं त्या मार्लिस आत्या, म्हणजे माझ्या बायकोची सख्खी आत्या, आजही कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावात राहतात.

डिसेंबरातला गुरुवार होता. दिवस कलला होता. द्राक्षमळ्यांवरचं धुकं गावात शिरलं होतं.

त्या संध्याकाळी आत्यांची जुनी इलेक्ट्रिक गाडी दानात जायची होती.

त्यांचा नवरा व्हर्न जानेवारीत गेला. घरातच, स्वतःच्या पलंगावर. त्यानंतर आत्या पहिल्यांदा एकट्या गाडीत बसल्या आणि…

टिंग. टिंग. टिंग.

बाजूच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ही गाडी अशी वाजते.

सीट रिकामी होती.

मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं. कुठेच बिघाड नव्हता. आवाज मात्र रोजचाच.

शेवटी एके दिवशी आत्यांनी हात लांब केला आणि त्या रिकाम्या सीटचा पट्टा खटकन लावला.

आवाज थांबला.

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसूही आलं.

"बैस बाबा. जिवंतपणी कधी माझं ऐकलं नाहीस, आता तरी पट्टा लाव."

आजारपणात व्हर्न याच सीटवर बसून दवाखान्यात जायचा. तोच असणार. दुसरं कोण असणार?

तेव्हापासून आत्या गाडीत बोलायला लागल्या. लेकीशी झालेली भांडणं, रात्रीची भीती, व्हर्नलाही कधी न सांगितलेल्या गोष्टी… सगळं. या गाडीला इंजिनाची घरघर नव्हती. त्या शांततेत शेजारचं माणूस कान देऊन ऐकतंय असं वाटायचं.

मग आत्यांची नजर अधू झाली.

"आई, काल लाल सिग्नल तोडलास," त्यांची मुलगी कोरिन कडाडली. "आता कुणाला उडवल्यावरच थांबणार आहेस का?"

"अगं, पण तुझे बाबा…"

"बाबांचं काय?"

"काही नाही."

गावातली एक संस्था एकट्या, कष्ट करणाऱ्या आयांना जुन्या गाड्या द्यायची. आत्यांनी गाडी तिथे द्यायचं ठरवलं. व्हर्नलाही ते आवडलं असतं, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी संस्थेचा ट्रक आला. ड्रायव्हर ड्वेन थट्टेखोर स्वभावाचा होता. ट्रकवर चढवायला तो गाडीत बसला, तोच… टिंग. टिंग.

"आजी, सीटवर पिशवी वगैरे राहिलीय का तुमची?"

"नवरा बसलाय माझा."

ड्वेन खो खो हसला. "मग त्यालाही दान करताय म्हणा की!"

त्याने गाडी चढवली, बंद केली, साखळ्या आवळल्या. आत्यांनी काचेवर हात टेकला. "सांभाळून जा रे," त्या पुटपुटल्या.

टिंग. टिंग.

ड्वेनचं हसू मावळलं. किल्ली त्याच्या हातात होती.

"बंद आहे हो गाडी…"

तो निरोपही न घेता ट्रकमध्ये चढला. मागचे लाल दिवे धुक्यात विरून गेले.

आत्या डोळे पुसत घरात आल्या. दार लावलं. दिवा अजून लावायचा होता.

आतल्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला.

व्हर्न. उभ्या जन्माच्या सवयीचा तो आवाज. त्यात चूक होणं शक्यच नव्हतं.

मग दबक्या स्वरात… लपून बसलेल्या माणसासारखं…

"मार्लिस… गेला का गं तो?"

गाडीबद्दल विचारलं नव्हतं. "तो" म्हणाला होता.

व्हर्न घरात होता. पहिल्या दिवसापासून घरातच होता.

मग इतके महिने गाडीत शेजारी कोण बसत होतं? मनातलं सगळं कुणाला सांगितलं आपण?

सकाळी त्यांनी संस्थेला फोन केला. "ती गाडी कुणाला देऊ नका. मोडीत काढा."

"अहो, उत्तम गाडी आहे. का मोडायची?"

कारण सांगणार तरी काय?

नाताळ उलटला. आणि एका गारठलेल्या सकाळी तीच गाडी दारात उभी राहिली. इनेझ नावाची तरणी पोरगी संस्थेकडून पत्ता घेऊन, मक्याच्या पानांत वाफवलेले घरचे तमाले घेऊन आभार मानायला आली होती. वृद्धाश्रमात काम करणारी, एका लहान मुलीची आई.

आत्यांनी तिला आत घेतलं. घोट घोट पाणी पीत विचारलं, "बाजूची सीट… वाजते का गं?"

"वाजायची! डोकं उठवलं होतं. माझ्या भावाने वायरच तोडून टाकली. आता एकदम शांत."

"आणि पट्टा?"

"कशाला लावायचा? कुणी बसतच नाही तिथे."

आत्यांनी पेला खाली ठेवला. "गाडीत तू बोलतेस का? एकटीच?"

इनेझ लाजली. "तुम्हाला कसं कळलं? रस्ता लांबचा आहे ना. मनातलं बोलून मोकळी होते. कुणीतरी ऐकतंय असं वाटतं."

आत्यांनी तिचा हात घट्ट धरला. सगळं सांगितलं. "बोलू नकोस त्याच्याशी. ऐकतेस ना? एक अक्षर बोलू नकोस."

इनेझने मायेने त्यांचा हात थोपटला. म्हाताऱ्या माणसांना समजवायची तिला सवयच होती. "जेवून घ्या आजी, तमाले गरम आहेत," म्हणाली आणि निघाली.

आत्या खिडकीत उभ्या राहिल्या. गाडी काहीच आवाज न करता मागे सरकली. इनेझच्या बाजूची काच स्वच्छ होती.

शेजारची काच मात्र…

आतून धुरकट होत होती. निवळत होती. पुन्हा धुरकट होत होती.

काचेला तोंड लावून, घराकडे बघत कुणी श्वास घ्यावा, तशी.

आत्या अजूनही दर रविवारी इनेझला फोन लावतात. ती उचलते. गाडी छान चाललीय म्हणते. पण हल्ली काहीही विचारलं की आधी थांबते.

परवा फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच बसलो होतो.

"मुलगी कशी आहे गं?" आत्यांनी विचारलं.

इनेझ थांबली… शेजारच्याला विचारून सांगावं, तशी.

मग म्हणाली, "बरी आहे."