मीटरमधला पिवळा दिवा

पंक्चरवाल्याने बाइकचं पुढचं चाक परत बसवलं आणि मीटरमधला एबीएसचा पिवळा दिवा पेटला, तो विझेचना. शिफ्ट संपलेली, पोटात कावळे, वरून पावसाची भुरभुर… आणि बोईसरच्या त्या रस्त्यावर उघडं होतं ते एकच गॅरेज. प्रणवचं.

"दिवा पेटलाय," मी तणतणत म्हणाले.

"कोनी पेटवला?"

"तुमच्या शेजारच्या पंक्चरवाल्यानं. लवकर बघा, मला घरी मुरब्याला जायचंय."

तो चाकाशी उकिडवा बसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. दुसऱ्या गालाने काय गुन्हा केला होता कोण जाणे.

"हे बघा, चाकाबरोबर ही भोकांची रिंग फिरते. सेन्सर जवळ राहून ती भोकं मोजतो. पंक्चरवाल्यानं स्पेसर, म्हंजे चाक जागेवर धरनारी ही कडी, उलटा टाकला, म्हनून सेन्सर लांब पडला. मग एबीएस बंद. जोरात ब्रेक मारला तर चाक जाम होईल, तुमी पडाल."

मी पडेन याची कुणी अशी काळजी केलेली मला आठवत नव्हती. त्याने स्पेसर सुलटा केला, सेन्सर बसवला. दिवा तसाच!

"उभ्या गाडीचा नाय विझत. थोडी पुढं जा, चाक फिरलं की विझेल."

पुढच्या वळणाआधी दिवा विझला. आरशात पाहिलं, तर तो हातात पाना घेऊन रस्त्यातच उभा होता.

आठवडाभरात एका खड्ड्यात गाडी आदळली आणि दिवा पुन्हा पेटला. मी पुन्हा गेले. मग पुन्हा… तुमीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"तुझ्या गाडीला बोंबलांचा वास येतो," तो एकदा म्हणाला.

"आमी मासेमारी करतो, मोगरा नाय विकत. तुझ्या मासवन गावच्या पोरांनी खुशाल नाक धरावं."

"सवय होईल…"

"मग कर सवय," मी बोलून गेले. पुढच्या खेपेला मी डब्यात बोंबलाची चटणी नेली. त्याने डबा बोटाने पुसून घेतला.

"दिवा सारखा पेटतो रे. चाक जाम तर नाय ना होनार?"

"तू जपून चालवतेस. काय नाय होत." मग चाकाकडे बघतच म्हणाला, "नारळी पुनव झाली की येतो मुरब्याला. तुझ्या बाबांना विचारायला."

"काय विचारायला?"

"गाडी कशी चालते ते…"

मी लाजले. हो म्हणायचं तर मी केव्हाच ठरवलं होतं.

माझे बाबा, पुंडलिक तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. खलाशी त्याच्या शब्दावर समुद्रात जातात. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा बाबा सकाळी त्याच गाडीवरून आईला आणि तिच्या सुक्या मासळीच्या टोपलीला बाजारात सोडायचे.

"हेमाली, ह्यो दिवा कसला गो?" त्यांनी विचारलं होतं.

"चालतंय, बाबा. मेकॅनिक बोलला, काय नाय होत."

एका सकाळी आईला सोडून येताना बाबांच्या समोर कुत्रा आला. रस्त्यावर मासळीच्या टेम्पोतून सांडलेलं पाणी. बाबांनी ब्रेक दाबला, चाक जाम झालं, आणि उजवा खांदा मोडला. नारळी पुनवेला आमची बोट दुसरा तांडेल घेऊन गेला. बाबा हात गळ्यात अडकवून बंदरावर उभे राहिले, डाव्या हाताने नारळ सोडला, आणि बोट दिसेनाशी झाली तरी घरी यायला तयार होईनात.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. प्रणवला काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर रडणं मला जमत नाही. त्याच्याजवळ बसून रडायचं होतं.

त्याने गाडीवरचे ओरखडे पाहिलेच नाहीत. माझ्याकडेच बघत होता. "आज कायमचा विझवतो बघ," म्हणत त्याने सेन्सर सोडवला, खालून अंगठीसारखा एक गोल वायसर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"पयल्याच दिवशी घातलेला. सेन्सर जरा लांब राहिला की खड्ड्यात दिवा पेटतो… आनि तू येतेस. आता मीच येनार ना मुरब्याला. अंगठी घेईपर्यंत हा ठेव."

खरं सांगते, क्षणभर मला ते आवडलं. माझ्यासाठी कुणी एवढा खटाटोप केला होता! मग बाबांचा खांदा आठवला.

"बाबा पडले, प्रणव. चाक जाम झालं. बोट दुसऱ्याच्या हाती गेली."

खळी कुठल्या कुठे गेली. "पन… तूच चालवतेस ना? तू तर जपून…"

"गाडी बाबांची हाय. तू कदी विचारलंस?"

"हेमाली, ब्रेक तर लागत होते—"

"लागले. म्हनूनच जाम झालं."

त्याने पाना खाली ठेवला. "मी येतो. पाया पडतो त्यांच्या. सगळं सांगतो."

"नको. मी बोलले म्हनून त्यांनी भरवसा ठेवला, तू बोललास म्हनून मी. उद्या तू परत 'काय नाय होत' म्हनशील, आनि मला खरं वाटनार नाय. असा संसार कसा करायचा रे?"

माझ्याकडे उत्तर असतं, तर मीच दिलं असतं. इतका तो मला आवडत होता.

"सेन्सर बसव. नीट आवळ," मी म्हणाले.

त्याने बसवला. मी वायसर त्याच्या पान्यांच्या डब्यात टाकला, गाडी चालू केली. पिवळा दिवा पेटला.

"थोडी पुढं जा…" तो सवयीने म्हणाला, "चाक फिरलं की—"

"म्हायती हाय."

पुढच्या वळणाआधी दिवा विझला. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तो रस्त्यातच उभा होता.

मुरब्याच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे मी मुद्दाम घेतले. दिवा काही पेटला नाही.