निळ्या टिळ्यांची वाट

गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, आणि ती गेली क्विरिनमुळे! सॉसेज घातलेले पाव स्वयंपाकघरातच राहिले, हे साहेबांना ऐन वेळी आठवलं. तो धावत घरी गेला आणि धावत परत आला, तोवर लिंडेनरोटच्या गाडीचा शेवटचा डबा वळणाआड झाला होता.

आनेलीला रडूच यायचं बाकी होतं. नऊ वर्षांचा हा भाऊ म्हणजे तिच्या डोक्याला कायमचा ताप. पुढची गाडी थेट दुपारी होती, आणि दुपारी चारला तर गुद्रुन आत्याचा ब्रश जाणार होता.

लिंडेनरोट स्टेशनपासून डोंगरावरच्या होहेनश्टाइग गावापर्यंत एक पायवाट जाते. तिच्यावरच्या झाडांना निळे टिळे लावायचं काम आत्याचं. पगार नाही की काही नाही. पदभ्रमण मंडळाने सोपवलेलं आणि तिने जिवापाड जपलेलं. सुट्टीला शहरातली माणसं गाडीने यायची, टिळे बघत डोंगर चढायची आणि वरून बसने घरी जायची. नकाशा कुणी उघडतच नसे.

पण ईस्टरपासून सगळं बिघडलं होतं. टिळ्यांमागून चालणारी माणसं डोंगरावर न जाता दरीतल्या झाप्फच्या पाणचक्कीवर पोचू लागली. झाप्फने तिथे झाडांखाली टेबलं मांडून नवीकोरी कॉफीबाग थाटली होती, आणि टिळे नेमके तिथेच संपत होते. बस चुकलेले लोक आत्याच्या नावाने बोटं मोडत. म्हातारीला आता दिसत नाही, असं झाप्फ येईल त्याला कॉफीबरोबर ऐकवायचा. खालच्या वाटेला आपण ब्रशही लावलेला नाही, हे आत्याने मंडळाला परोपरीने सांगून पाहिलं. तरी मंडळाने आज चारला लिंडेनरोट स्टेशनावर तिच्याकडून रंग आणि ब्रश परत घ्यायचं ठरवलंच. मग काल जेवता जेवता तिने चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "आनेली, खरंच विसरले असेन का गं मी?"

आनेली, क्विरिन आणि आनेलीची मैत्रीण थेक्ला या तिघांनी ती वाट स्टेशनाकडून दोनदा तपासली होती. दोन्ही वेळा ती तिघंही टिळ्यांमागून सरळ पाणचक्कीवरच गेली होती!

"बाहेर होहेनश्टाइगची बस उभी आहे बघ," गाडी गेली त्या दिशेकडे पाठ फिरवत थेक्ला म्हणाली. "वर जाऊ आणि तिकडून खाली येऊ."

"उलटं कुणी चालतं का?" क्विरिनने विचारलं.

"तू बोलूच नकोस. पाव धर आणि चढ बसमध्ये."

वरून निघाल्यावर मात्र नवलच झालं. वाट कुठे अडली नाही की चुकली नाही. प्रत्येक वळणावर उतरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा आत्याचा टिळा होता, गोल आणि नेटका. खाली खाली येत तिघं एका जाड बीचच्या झाडाशी पोचली आणि क्विरिन थबकला.

"हे झाड मला माहीत आहे. परवा मी इथेच पडलो होतो. इथूनच आपण दरीत वळलो."

आनेली झाडाला वळसा घालून स्टेशनाच्या बाजूला गेली. तिथे टिळा नव्हता. साल खरवडलेली होती आणि वरून मातकट रंग फासलेला होता. वरच्या बाजूच्या पुढच्या दोन झाडांचीही तीच गत. दरीकडच्या वाटेवर मात्र टिळेच टिळे. आनेलीने त्यातल्या एकेका झाडाची मागची बाजू पाहिली. सगळी कोरी!

आता तिला इतका आनंद झाला की तिने थेक्लाला मिठीच मारली. आत्या प्रत्येक झाडाला दोन टिळे लावायची, जाणाऱ्याला एक आणि येणाऱ्याला एक. परत आणत नाही ती कसली वाट, असं ती नेहमी म्हणायची. हे टिळे तिचे असणं शक्यच नव्हतं.

तिघं त्या टिळ्यांमागून पाणचक्कीवर उतरली, तर कॉफीबागेत आयताच योग जुळून आला होता. मंडळाचे अध्यक्ष श्टोकलाइन मोटार बाहेर लावून आलुबुखाराचा केक खात बसले होते. चारला ते इथूनच आत्याकडे जाणार होते. आनेलीने चेहरा अगदी भोळा केला आणि झाप्फसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आम्हाला स्टेशनला परत जायचंय, पण मागे जाणारे टिळेच दिसत नाहीत हो."

"परतीचे टिळे हवेत कशाला?" झाप्फ हसत म्हणाला. "माणूस इथवर आला की झालं. एवढ्या झाडांना दोन्हीकडून रंग फासत कोण बसणार?"

श्टोकलाइनसाहेबांचा काटा बशीवर वाजला.

"झाप्फ, म्हणजे एका बाजूने कोण फासत बसलं होतं?"

झाप्फ केकच्या तुकड्यासारखा मऊ पडला. धंदा बसला होता, थोडीशी माणसं वळवली, त्यात कुणाचं काय गेलं, असं काहीबाही तो बोलू लागला. "माझ्या आत्याची झोप गेली," आनेली म्हणाली. मुलांनी साहेबांना अर्ध्या केकवरून उठवून बीचपर्यंत चढवलं. खरवडलेली साल बघून ते बराच वेळ घाम पुसत राहिले.

साहेबांच्या मोटारीतून सगळी लिंडेनरोटला पोचली, तेव्हा फलाटावर आत्या बाकावर बसली होती. मांडीवर रंगाचा डबा आणि त्यावर धुऊन स्वच्छ केलेला ब्रश. साहेबांना बघताच तिने दोन्ही पुढे केलं. साहेबांनी हात मागे घेतले आणि फलाटावरच्या सगळ्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुद्रुनबाई, तुमची नजर शाबूत आहे. वाट मी मोटारीत बसून तपासली, चूक माझी. जे अख्ख्या मंडळाला सुचलं नाही ते या पोरांनी चालून शोधून काढलं. शाबास रे पोरांनो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने आनेलीला जवळ ओढलं आणि सगळ्यांदेखत खुशाल रडून घेतलं. मग डोळे पुसून ती ताठ उभी राहिली आणि डबा साहेबांच्या हातात दिला.

"धरा. बीचवरचा टिळा आत्ताच लावायचाय. आणि मोटार इथेच राहू दे."

ब्रश तिने आनेलीला दिला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. श्टोकलाइनसाहेब डबा सावरत मुकाट्याने मागोमाग निघाले.